उरलं तर आणा

'चौकट'च्या इतिहासाची एक पुस्तिका माझ्याकडं आहे. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. कंपनीत पैसा लावणारे पुण्याचे लोक आले, दुकानं वाढली, तेव्हा त्यांनी ती छापून घेतली होती. वर लिहिलंय, 'मराठवाड्याच्या घराघरात पोचलेली गृहसाहित्याची साखळी'. आत लातूरचं दुकान, नांदेडचं, मुखेडचं, भोकरचं, आमच्या चाकूरचं. प्रत्येकाच्या दारात फीत, फितीवर कात्री आणि कात्रीमागं कुणीतरी मोठं माणूस. आणि ज्या माणसानं हे सगळं उभं केलं त्या मन्मथआप्पांना मोजून अर्धं पान. त्यातली निम्मी जागा फोटोनं खाल्लेली. त्या फोटोत त्यांच्या कपाळावरची विभूती कंप्युटरवर पुसून टाकलेली. कुणीतरी म्हणालं म्हणे, चेहरा स्वच्छ दिसायला पाहिजे. असा संताप आला होता मला! विभूती म्हणजे काय मळ आहे का? तो कागद तेलसुद्धा शोषत नाही, नाहीतर भजी बांधायला तरी उपयोग झाला असता.

आता 'चौकट'चं एकही दुकान चालू नाही आणि आप्पाही नाहीत. म्हणून म्हटलं, त्या अर्ध्या पानात जे मावलं नाही ते आपण सांगावं.

मी सुनंदा, चाकूरची. लातूरच्या पहिल्या दुकानात फरशीच्या काउंटरवर लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि नांदेडच्या शाखेला शेवटचं कुलूप घातलं ते मीच. पण आप्पांच्या लेखी मी सुनंदाही नव्हते आणि मॅनेजरही नव्हते. मी 'चाकूर' होते. ते कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. पाइपवाला 'औसा', रंगवाला 'देगलूर'. "ए चाकूर, त्या औश्याला म्हण, देगलूरला घेऊन चहाला ये." नवं गिऱ्हाईक हे ऐकून बावचळून जायचं. पुढं खुद्द चाकूरला शाखा निघाली तेव्हा तर विचारू नका. "चाकूरला दोन ट्रक पाठवा" म्हटलं की सगळे माझ्याकडं बघून हसायचे.

माणूस बुटका, अंगानं भरलेला. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात शर्टाच्या आत इष्टलिंग. दुकानात यायचे तर चपला दारात काढून. आम्ही सगळे चपला घालून आत आणि मालक अनवाणी! एकदा मी विचारलं, "आप्पा, तुमचंच दुकान, तुम्हीच चपला का काढता?" तर म्हणाले, "पायाला कळतंय ते डोळ्याला कळत न्हाई, चाकूर. फरशी हाय की न्हाई आपल्यात?" मला काही ते पटलं नाही. पण दुपारच्या वेळी कुणी बघत नसलं की मीही हळूच चपला काढून बघायची.

फरशीवरून आठवलं. ज्यानं आमच्याकडून फरशी नेली तो वास्तुशांतीला आप्पांना बोलवायचाच. आप्पाही जायचे. पूजेशी त्यांना फार घेणंदेणं नव्हतं. ते जायचे, हात जोडायचे आणि मधल्या खोलीत जाऊन सरळ फरशीवर आडवे व्हायचे. उताणे, डोळे मिटून, हात दोन्ही बाजूला. घरात पाहुणे, लेकरं, आचारी, सगळा गलबला, आणि मध्ये हे झोपलेले. जराशानं डोळे उघडून म्हणायचे, "थंड हाय. बसली." झालं. ते ऐकल्याशिवाय घरधन्याला जेवण गोड लागायचं नाही. कुठं उंचसखल लागलं तर मात्र तिथंच उठून सगळ्या पाहुण्यांसमोर मिस्त्रीची हजेरी घ्यायचे. आणि एकदा उदगीरला एका डॉक्टरांच्या घरी आडवे झाले ते खरंच झोपले. पंगत मांडायची खोळंबली. यजमानीणबाई मला म्हणते, "उठवू का हो?" मी म्हटलं, उठवा की, दुसऱ्याच्या घरात घोरायलेत! पण डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईनं उठवू दिलं नाही. म्हणाली, नव्या घरात कुणाला निवांत झोप लागणं चांगलं असतं.

पण आप्पा म्हणजे खरं 'उरलं तर आणा'.

घर बांधणाऱ्याला ठाऊक आहे, माल कधी बरोबर पुरत नाही. एकतर शेवटच्या कोपऱ्याला चार फरश्या कमी पडतात, नाहीतर डबाभर उरतात. मिस्त्री तर जास्तच सांगतो, त्याच्या बापाचं काय जातंय? मग ते उरलेलं घराच्या मागं, जिन्याखाली वर्षानुवर्षं पडून राहतं. बाकीच्या दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असायची. आमच्या दुकानात लाल अक्षरात पाटी होती, 'उरलं तर आणा. लाजू नका.' काउंटरजवळ पितळेचा डबा, डब्यात गुळाचे खडे. कुणी उरलेल्या फरश्या घेऊन आलं, उरलेला नळ, उरलेला कडीकोयंडा घेऊन आलं, की आप्पा असतील तिथून उठून यायचे. माल तपासायचेही नाहीत. आधी विचारायचे, "घर पुरं झालं का?"

"झालं, आप्पा."

"मग गोड करा." हातावर गुळाचा खडा. हिशेब त्याच्यानंतर.

मी नवी असताना मला हा शुद्ध येडेपणा वाटायचा. पण आप्पा म्हणायचे, परत द्यायला आलेला माणूस रिकामा जात न्हाई. आणि खरंच जात नसे. चार फरश्या परत द्यायला आलेला माणूस जाताना आरसा, पायपुसणं, कुलूप, काहीतरी घेऊनच जायचा. वर आपल्या साडूला घेऊन पुढच्या महिन्यात हजर. अर्ध्या लातूर जिल्ह्याची घरं अशी गुळाच्या खड्यावर उभी राहिली म्हटलं तर चालेल.

त्या पुस्तिकेसाठी 'ही कल्पना तुम्हाला कशी सुचली' असं विचारायचं काम माझ्याकडं दिलं होतं. मी विचारलं. आप्पा म्हणाले, "एका म्हाताऱ्यानं सांगितलं." मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सपनात आलं." तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "तुला काय करायचंय गं? गिऱ्हाईक बघ." शेवटी त्यांच्या बायकोला विचारलं. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. अव्वा कडधान्य निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्यांच्या आईचं म्हणणं होतं ते. घरात बांधकामाचं उरलेलं राहिलं की ते घर कधी पुरं होत न्हाई. घरच्या माणसाला सुख लागत न्हाई. ह्यांच्या बापानं कौलं आणली होती, ती उरली. दुकानदारानं परत घेतली न्हाईत. पलंगाखाली राहिली. आन मग त्या घरात कुणाचं धड झालं न्हाई म्हणतात. खरं खोटं महादेवाला ठावं." मी हे छान लिहून दिलं. पुण्याच्या लोकांनी छापलं नाही. अंधश्रद्धा वाटेल म्हणाले.

ते लोक आले कसे, तर शिवराजमुळं. आप्पांचा एकुलता एक. शिकून आला, हुशार, बोलायला गोड. दुकानाची साखळी करायची हे त्याच्या डोक्यातलं. मी शिवराजला वाईट म्हणणार नाही, अजिबात नाही. आणि खोटं कशाला बोलू, आप्पांनाही ते सगळं आवडलं होतं. नांदेडच्या उद्घाटनाला माइक हातात घेऊन म्हणाले, "मी लई बोलणारा माणूस न्हाई," आणि मग पाहुण्यांच्या जिलब्या गार होईपर्यंत बोलत राहिले. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "लातूर काय आन नांदेड काय, कुठल्याबी दुकानातून न्या. उरलं तर आणा. हा मन्मथचा शब्द हाय." टाळ्या पडल्या. पुण्याचे साहेब खूश. तेच वाक्य त्यांनी उचललं आणि दोन्ही जिल्ह्यांत रस्त्यारस्त्यावर मोठे बोर्ड लागले: आप्पांचा हसरा चेहरा आणि शेजारी 'उरलं तर आणा. हा मन्मथचा शब्द हाय'. आप्पा प्रत्येक बोर्डापाशी गाडी थांबवायला लावायचे. मला फोन करून म्हणायचे, "चाकूर, अहमदपूरचा मी जरा गोरा निघालोय बग." ह्या वयातही माणूस असा लाजून हसायचा की बघावं.

तिथंच माशी शिंकली.

दुकानं वाढली तसं प्रत्येक दुकानाला टार्गेट आलं. नवी पोरं मॅनेजर झाली होती. नोकरी टिकवायची तर आकडा दाखवायला पाहिजे. आणि आकडा आणायची सगळ्यात सोपी युक्ती तर समोर बोर्डावरच लिहिलेली होती. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "मामा, एका खोलीची कशाला नेता, तिन्ही खोल्यांची न्या. उरलं तर आणा. आप्पांचा शब्द हाय." आप्पांच्या नावावर माणूस डोळे मिटून न्यायचा. माल घरी गेला की कंप्युटरात विक्री. विक्री वाढली म्हणून पुण्याचे लोक आणखी एक दुकान काढायचे, त्याला आणखी मोठं टार्गेट. मी तेव्हा नांदेडची मॅनेजर. तिथलं गिऱ्हाईक शहरी, माझ्याकडं हे फारसं चाललं नाही, म्हणून माझी शाखा मागं, आणि बैठकीत मलाच बोलणी!

पहिल्यांदा हे दिसलं ते आप्पांनाच. मुखेडच्या बाजाराच्या दिवशी ते तिकडं गेले होते. कुणाच्या तरी घरी चहाला नेलं. एका खोलीचं घर, आणि भिंतीला लागून छतापर्यंत आमच्या फरशीचे डबे. बाईमाणूस डब्यावर बसून भाकरी थापायलेलं. आप्पांनी विचारलं, "एवढी कामून आणलाव बाबा?" तो हसून म्हणाला, "तुम्हीच म्हणलाव की ओ आप्पा, उरलं तर आणा."

आप्पा चहा न पिता उठले. दुकानात येऊन बसले. मुखेडच्या मॅनेजरनं घाबरून मला फोन लावला, "ताई, आप्पा नुसतं बसून राहिलेत हो. पाणीबी घेत न्हाईत."

त्यांनी शिवराजला सांगितलं, ही विक्री नव्हे, हा आपलाच माल दुसऱ्याच्या घरात ठेवलाय. शिवराज म्हणाला, "आप्पा, सगळं थोडंच परत येतं?" त्याचंही एका अर्थानं बरोबर होतं. आजवर सगळं कधीच परत आलं नव्हतं. पण आजवर कुणी दुप्पट नेलंही नव्हतं.

उन्हाळ्यात घरांची कामं उरकली आणि माल यायला लागला. आधी रिक्षातून, मग टेंपोतून. मुखेडला टेंपोंची रांग लागली, भोकरला लागली. पुण्याचे साहेब रात्रीतून बदलले. जे लोक 'आप्पाजी, आप्पाजी' करत होते ते फोन उचलेनात. एक कागद आला आणि प्रत्येक दुकानात नवी पाटी लावायचा हुकूम: विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.

लातूरला सगळ्या मॅनेजरांची बैठक बोलावली. आप्पा खुर्चीत नव्हते, भिंतीला टेकून उभे होते. पाटी टेबलावर पडलेली. शिवराज म्हणाला, "आप्पा, परत घ्यायला लागलो तर ह्याच महिन्यात कुलूप. न्हाई घेतलं तर निदान वर्षभर ओढू. तेवढ्यात काहीतरी मार्ग निघंल."

"वर्षभर ओढून काय करतो?" आप्पा म्हणाले. "लोकांनी शब्दावर नेलंय. कुलूप लागू दे, पर शब्द पाळून लागू दे."

"आन एवढ्या सगळ्यांच्या नोकऱ्या? ह्यांच्या घरी काय सांगू मी?" त्यानं आमच्याकडं हात केला.

आप्पांनी आमच्याकडं बघितलं. एकेकाच्या तोंडाकडं. मग जे त्यांनी केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी लेकापुढं हात जोडले. बापानं लेकापुढं! "शिवा, बाबा, मी तुझ्या पाया पडतो. जे आलंय तेवढं घे. पुढचं बंद कर, मी काय म्हणत न्हाई. जे माझ्या तोंडाकडं बघून नेलंय तेवढं घे." शिवराज ओक्साबोक्शी रडायला लागला. "माझ्या हातात न्हाई हो आप्पा. सगळं त्यांच्या हातात गेलंय. माझ्या हातात आता काहीच न्हाई." खोलीत कुणी कुणाकडं बघेना. आणि संध्याकाळी पाटी लागली.

मग लोक आप्पांच्या घरी यायला लागले. येणारच. बोर्डावर तोंड कुणाचं होतं?

मी एकदा नांदेडहून लातूरला आले होते तेव्हा घरी गेले. दारातून आत शिरता येईना. ओसरीत फरश्यांचे डबे, पलंगावर नळाच्या पेट्या, जिन्यात रंगाचे डबे. अव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तोंडाचा पट्टा सोडून बसल्या होत्या. "बग सुनंदा, बग ह्या माणसाचं! देवघरात कमोड ठेवलाय! मी महादेवाला पाणी घालू का त्याला घालू?" मला हसू आवरेना आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं. खरंच देवघराच्या दारात पांढरं शुभ्र कमोड, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. अव्वांनी चिडून कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या हातात पाटल्या नव्हत्या. मी विचारलं नाही. गावाकडचं शेत गेल्याचं आधीच कानावर आलं होतं. माल घ्यायचा म्हणजे त्याचे पैसे लोकांना द्यायचे, ते आणखी कुठून येणार?

आप्पा मागच्या अंगणात भोकरच्या एका म्हाताऱ्याला गुळाचा खडा देत होते. "घर पुरं झालं का?" "झालं जी." "मग गोड करा." सगळं तसंच, जसं दुकानात. म्हातारा गेल्यावर मी भांडले. हो, भांडले. "आप्पा, हे तुम्ही काय करायलाव? अव्वांनी बसायचं कुठं? कंपनीची चूक कंपनीनं बघावी. तुम्ही का घर बुडवता?"

ते डब्यांकडं बघत म्हणाले, "कंपनीचं तोंड कुणी बघितलंय, चाकूर? लोकांनी माझं बघितलंय."

"पण तुमच्या आईचं म्हणणं तरी आठवा की! घरात उरलेलं ठेवू नये म्हणायच्या ना?"

हे मी बोलायला नको होतं. आप्पांचं तोंड असं पडलं की काय सांगू. ते म्हणाले, "त्येच तर. रोज त्येच मनात येतंय." आणि एका डब्यावर हात ठेवून उभे राहिले. अव्वा आतून ओरडल्या, चहा घेऊन जा म्हणून.

त्यानंतरची गोष्ट चाकूरच्या फाट्यावरची. रविवारी मी माहेरी आले होते. भाऊ पळत आला, "ताई, तुझे आप्पा बोर्डावर चढलेत!" मी तशीच धावले. रस्त्याच्या कडेला तो मोठा बोर्ड, त्याला लावलेली शिडी, शिडीवर अनवाणी आप्पा. बांबूला रंगाचा ब्रश बांधलेला, शिडीला लटकवलेल्या बादलीत पांढरा रंग. खाली गर्दी. आप्पा बोर्डावरच्या आपल्याच चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारत होते. तेवढ्यात पोलीस आला. "ओ काका, उतरा खाली. कुणाच्या बोर्डाला रंग फासताय? गुन्हा आहे हा."

"माझाच हाय," आप्पा वरून म्हणाले.

पोलिसानं वर बघितलं. आता ओळख पटवायची कशी? बोर्डावरचं तोंड कपाळापासून नाकापर्यंत पुसून झालेलं. गर्दीत खसखस पिकली. मी पुढं होऊन म्हटलं, "हेच आहेत ते, मी ओळखते." कशीबशी त्यांना उतरवलं. पांढरा रंग हातावर, शर्टावर, कपाळावरच्या विभूतीवर. वर बोर्डावर अक्षरं तशीच होती, 'उरलं तर आणा'. मी म्हटलं, "आप्पा, पुसायचं तर ते पुसायचं होतं. तोंड कशाला पुसलं?"

"शब्द खोटा न्हाई, चाकूर," ते म्हणाले. "त्याच्याशेजारचं तोंड खोटं निघालं."

मग ते रस्त्याच्या कडेला बसले आणि लेकरासारखे हमसून रडले. हसणारे लोक हळूहळू पांगले. भावानं घरून पाणी आणलं, तेही त्यांच्या हातून सांडलं.

शिवराज म्हणाला होता वर्षभर ओढू, तेवढंही ओढलं नाही. दुकानात लोक यायचेच बंद झाले. परत द्यायला येणारा थांबला तसा न्यायला येणाराही थांबला. एकेक शाखा मिटत गेली. मुखेड, भोकर, चाकूर. मग माझं नांदेड. शिवराज हैदराबादला कुठंतरी नोकरीला लागला. वडिलांशी बोलायचं धाडस होत नाही म्हणून अव्वांना फोन करायचा आणि दोघं फोनवर रडायचे.

नांदेडच्या किल्ल्या द्यायला मी लातूरला गेले, त्याच दिवशी पहिलं दुकानही बँकेच्या ताब्यात जाणार होतं. माल आधीच गेला होता. रिकाम्या भिंतींवर फळ्या काढल्याच्या खुणा. बँकेचा माणूस कागद घेऊन उभा, आणि दारात आप्पा चपला काढत होते. कितीतरी वाळले होते. शर्ट अंगावर लोंबत होता. माझ्याकडं बघून म्हणाले, "आली का, चाकूर," आणि आत गेले.

आत मधोमध जाऊन ते फरशीवर आडवे झाले. उताणे, डोळे मिटून, हात दोन्ही बाजूला. बँकेचा माणूस गोंधळला. "आजोबा, बरं वाटत नाही का? उठा ना, मला सील करायचंय." मी त्याला खुणेनं थांबवलं. आम्ही दोघंही वाट बघत राहिलो. आप्पांनी डोळे उघडले. म्हणाले, "थंड हाय." पुढचा शब्द आलाच नाही. मी हात दिला तेव्हा उठले.

शटर खाली आलं. सील लागलं. बँकेचा माणूस आम्हाला नमस्कार करून गेला, बिचारा भला होता. आम्ही पायरीवर उभे होतो आणि समोर रिक्षा थांबली. नऊवारी नेसलेली एक बाई उतरली, रिक्षावाल्यानं तिचं पोतं उतरवून दिलं. औश्याकडच्या एखाद्या खेड्यातली असावी. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं शटरकडं बघितलं, मग आप्पांकडं. ओळखलं. बोर्डावर बघितलं असेल.

"दुकान बंद हाय का आज?" ती म्हणाली. "घरकुलाचं काम झालं बगा. पाच-सहा फरश्या उरल्यात. पैसे न्हाई पायजेत, आप्पा. घरात उरलेलं ठेवू नये म्हणतात, म्हणून आणल्यात."

आप्पा दोन पायऱ्या खाली उतरले. "घर पुरं झालं का, माय?"

"झालं की."

"मग गोड..." त्यांचा हात सवयीनं डाव्या बाजूला गेला, जिथं आत काउंटरवर डबा असायचा. तिथं आता शटर होतं. मग त्यांनी खिशात हात घातला. ह्या खिशात, त्या खिशात, परत ह्या खिशात. बाई हात पुढं करून उभी. आप्पांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. मी समोरच्या किराणा दुकानात धावले. गूळ मागितला, कागदात घेतला, रस्ता ओलांडून परत आले. दोघंही तसेच उभे होते.

आप्पांनी कागदातून एक खडा घेऊन तिच्या हातावर ठेवला. "गोड करा."

तिनं तोंडात टाकला. खूश झाली. जायला निघताना सहज, माणूस विचारतो तसं विचारलं, "आन तुमचं हो आप्पा? तुमचं घर झालं का पुरं?"

"न्हाई, माय," आप्पा म्हणाले. "माझं लई उरलंय."

त्यांनी वाकून ते पोतं उचललं आणि खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, द्या इकडं आप्पा, मी रिक्षा करते. त्यांनी नुसता हात हलवला. पोत्याच्या भारानं एका बाजूला कललेले ते गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीत शिरले. चपला पायरीवरच राहिल्या होत्या. मी हाका मारल्या, पण ते मागं वळले नाहीत.